साध्या पाकिटातली मासिकं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ट्रान्सजेंडर समुदायानं स्वतःच्या लोकांसाठी काढलेली पत्रकं आणि मासिकं यांवर एका विद्यार्थ्याला प्रबंध लिहायचा आहे. पहिलं मासिक कोणतं, महत्त्वाची नावं कोणती आणि जुने अंक हातात पडले तर ते वाचायचे कसे, असं त्यानं विचारलं आहे. माझी नोकरीची बरीच वर्षं अशाच अंकांच्या सूच्या करण्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

'पहिलं कोणतं' हे आधी बाजूला ठेवू. मासिकाला मजकूर लागतो, छपाई लागते आणि वाचक लागतो. मजकूर लिहिणारे मिळतात, छपाईही उधारउसनवारीवर होते. पण जो माणूस शेजाऱ्यापासून, नोकरीच्या ठिकाणी, कधी कधी बायकोपासूनही स्वतःला लपवून जगतो, त्याला वाचक म्हणून गाठायचं कसं? या सगळ्या नियतकालिकांच्या मुळाशी हीच अडचण आहे. म्हणून मी यांचा इतिहास संपादकीयांतून वाचत नाही, पत्त्यांच्या यादीतून वाचते. यादी कोणाकडे होती, ती कशी जमली, तिच्यात कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं, एवढं कळलं की मासिकाचं बरंचसं कळतं.

याला एक अपवाद आहे, आणि कालक्रमानं तोच सगळ्यात आधी येतो. बर्लिनमध्ये १९३० ते १९३२ या काळात 'दास ड्रिट्टे गेश्लेख्ट', म्हणजे 'तिसरं लिंग', या नावाचं मासिक निघत होतं. प्रकाशक होते फ्रीडरिश रॅडत्सुवाइट. समलिंगी वाचकांसाठी त्यांची आणखीही नियतकालिकं होती. स्त्रियांसाठीचं 'डी फ्रॉइंडिन' १९२४पासून चालू होतं आणि त्यातही 'ट्रान्सव्हेस्टाइट', म्हणजे दुसऱ्या लिंगाचे कपडे घालणाऱ्या, वाचकांसाठी वेगळी जागा असे. हा शब्द बर्लिनचे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१०मध्ये रूढ केला. आजच्या भाषेत आपण ज्यांना पारलिंगी म्हणू अशी कितीतरी माणसं तेव्हा त्याच शब्दाखाली मोडत. रॅडत्सुवाइट यांची नियतकालिकं बर्लिनमध्ये पेपरच्या टपरीवर मिळत. वाचक चालत जायचा, पैसे द्यायचा, अंक काखेत मारून निघायचा. तिथं यादीची गरज नव्हती. अर्थात फार हुरळून जाऊ नका. तरुणांना बिघडवणारं साहित्य आवरण्यासाठी १९२६मध्ये जर्मनीत कायदा झाला होता आणि टपरीवर काय टांगायचं यावर त्याची नजर होती.

'तिसरं लिंग'चे अंक निघाले पाचच. फोटो, वाचकांचे अनुभव, कपड्यांवरून पोलिसांनी अडवू नये म्हणून मिळणारा दाखला, असे विषय त्यांत आहेत. १९३२मध्ये रॅडत्सुवाइट वारले. १९३३च्या ६ मे रोजी हिर्शफेल्ड यांच्या लैंगिक विज्ञान संस्थेवर धाड पडली, चार दिवसांनी तिथल्या पुस्तकांची होळी झाली आणि बर्लिनमधली ही सगळी छपाई थांबली. तरी पाच अंक टिकले, आज त्यांचं पुनर्मुद्रणही मिळतं. तेव्हा 'पहिलं मासिक' म्हणून एक ओळ लिहावीच लागली तर या मासिकाची लिहा, पण त्याची गादी पुढं कोणी चालवली असं समजू नका. पुढची सुरुवात दुसऱ्या खंडात आणि जवळजवळ शून्यातून झाली.

ती सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोच्या लुईझ लॉरेन्स यांच्या पत्रव्यवहारात आहे. चाळिशीच्या दशकापासून त्या पूर्ण वेळ स्त्री म्हणून राहत होत्या. स्त्रीवेषात फिरल्याबद्दल कोणाला अटक झाल्याची बातमी वर्तमानपत्रात दिसली की त्या त्या माणसाला पत्र लिहीत. पोलिसांनी बदनामीसाठी छापवून आणलेली बातमी त्यांच्या हाती पत्ता म्हणून पडायची. अशी एकेक व्यक्ती जोडत त्यांनी देशभर पत्रमैत्रीचं जाळं विणलं, आल्फ्रेड किन्सी आणि हॅरी बेंजामिन यांच्यासारख्या संशोधकांनाही माहिती पुरवली. स्वतः त्यांनी मासिक चालवलं नाही. पण या इतिहासातली पहिली संपादक कोण असं कोणी मला विचारलं, तर मी त्यांचंच नाव घेते.

१९५२मध्ये लॉस एंजेलिसला व्हर्जिनिया प्रिन्स आणि इतर काही जणांनी 'ट्रान्सव्हेस्टिया' नावाचं पत्रक काढलं तेव्हा ते लॉरेन्स यांच्या यादीच्या जोरावरच पाठवलं गेलं. सायक्लोस्टाइलवर काढलेले दोन अंक, आणि बंद. त्याच वर्षी १ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या एका दैनिकानं क्रिस्टीन जॉर्गेन्सन यांच्या लिंगबदल शस्त्रक्रियेची बातमी पहिल्या पानावर छापली आणि जॉर्गेन्सन यांच्याकडे पत्रांचा ढीग लागला. म्हणजे वाचक होते, आणि पुष्कळ होते. त्यांच्या दारापर्यंत पोचायची वाट तेवढी कोणाजवळ नव्हती.

'ट्रान्सव्हेस्टिया' १९६०मध्ये पुन्हा सुरू झालं आणि या वेळी टिकलं. भांडवल होतं २५ ओळखीच्या माणसांनी दिलेले प्रत्येकी चार डॉलर, एकूण शंभर. दर दोन महिन्यांनी अंक निघे. आकार लहान, सहज लपवता येईल असा. आत वाचकांच्या आत्मकथा, कथा, पत्रं, कपडे आणि रंगभूषेचे सल्ले आणि प्रिन्स यांची लांबलचक प्रवचनं. (औषधशास्त्रातली डॉक्टरेट असलेल्या या बाईंना कुठल्याही विषयावर मत होतं आणि ते आवरतं घ्यायची सवय नव्हती.) प्रिन्स यांनी शंभर अंक काढले. नंतर दुसऱ्या संपादकाच्या हाताखाली ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं.

इथं टपाल खात्याबद्दल लिहायलाच हवं. अमेरिकेत अश्लील मजकूर टपालानं पाठवणं हा १८७३च्या कॉमस्टॉक कायद्यानं गुन्हा होता आणि अश्लील कशाला म्हणायचं हे बऱ्याच अंशी टपाल अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. 'वन' या समलिंगी मासिकाचा ऑक्टोबर १९५४चा अंक लॉस एंजेलिसच्या पोस्टमास्तरांनी अडवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी १९५८मध्ये निकाल मासिकाच्या बाजूनं लागला. तो निकाल नसता तर दोनच वर्षांनी 'ट्रान्सव्हेस्टिया' पुन्हा काढायची हिंमत झाली असती का, याची मला शंका आहे. तरीही टपाल खात्यानं प्रिन्स यांना गाठलंच, फक्त मासिकावरून न गाठता एका खासगी पत्रावरून गाठलं. पत्रमैत्रीत लिहिलेला मजकूर अश्लील ठरवून खटला भरला गेला आणि प्रिन्स यांना काही काळ न्यायालयाच्या देखरेखीखाली काढावा लागला. हा प्रसंग डोक्यात ठेवून साठच्या दशकातले अंक वाचा. शरीराबद्दल, कामभावनेबद्दल त्यांत इतका कडेकोट शुचिर्भूतपणा का आहे, ते लगेच कळेल. काही अंशी ती प्रिन्स यांची मतं होती. काही अंशी प्रत्येक पान टपाल निरीक्षकाच्या टेबलावर जाऊ शकतं, याची ती जाणीव होती.

यादीचा दुसरा टप्पा १९६१चा. छापील वाचकांना खरोखर एकमेकांसमोर आणायचं प्रिन्स यांनी ठरवलं. लॉस एंजेलिसमधल्या काही वर्गणीदारांना बोलावणं गेलं: येताना स्टॉकिंग्ज आणि उंच टाचांचे बूट पिशवीत घालून आणा. सगळे पुरुषी कपड्यांत आले. मग एकाच वेळी सगळ्यांनी ते पायात चढवले. यात विचार साधा होता. जमलेल्यांत कोणी पोलिसांचा माणूस असला तरी तोही आता तितकाच अडकला, कोणी कोणाकडे बोट दाखवू शकणार नाही. या मंडळाचं नावच 'होज अँड हील्स क्लब' पडलं. पुढं त्यातून देशभर शाखा असलेली संघटना झाली. तिच्यात शिरायला आधी मासिकाचे काही अंक विकत घेतलेले असावे लागत, मग अर्ज, मग मुलाखत. सदस्यांना सांकेतिक क्रमांक होते. एखाद्याला पत्र लिहायचं तर ते बंद करून, वर फक्त क्रमांक घालून संपादकाकडे पाठवायचं आणि संपादक खरा पत्ता घालून ते पुढं रवाना करणार. खरी नावं एकाच कपाटात.

ज्याच्या हाती कपाटाची किल्ली, त्याच्या हाती दरवाजाही. समलिंगी पुरुषांना आणि शस्त्रक्रिया करून घेऊ इच्छिणाऱ्यांना प्रिन्स यांच्या संघटनेत जागा नव्हती. प्रवेश होता तो स्त्रीवेष करणाऱ्या, भिन्नलिंगी, बहुधा विवाहित पुरुषांना. 'आम्ही सभ्य माणसं आहोत' हे सिद्ध करायच्या धडपडीत बाकीच्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं गेलं. गंमत अशी की, डिसेंबर १९६९च्या अंकात प्रिन्स यांनी स्वतःसाठी 'ट्रान्सजेंडरल' हा शब्द वापरला, तोही शस्त्रक्रिया न करता स्त्री म्हणून जगणारी मी वेगळी आहे हे ठसवायला. त्याच शब्दाचं भावंड 'ट्रान्सजेंडर' पुढं सगळ्यांना सामावणारी छत्री झालं. प्रबंधात प्रिन्स यांना 'आद्य जनक' वगैरे म्हणायचं असेल तर त्याच परिच्छेदात हा उंबराही दाखवा.

या मासिकाच्या फांद्या लांबवर गेल्या. ब्रिटनमध्ये १९६६मध्ये ब्यूमाँट सोसायटी निघाली, ती सुरुवातीला प्रिन्स यांच्या संघटनेची शाखाच होती. तिचंही स्वतःचं पत्रक झालं. मासिकातल्या 'सुझाना सेज' या सदराच्या लेखिका सुझाना वॅलेंटी न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगराळ भागात एक विश्रामस्थान चालवत. तिथं शनिवार-रविवारी जमणाऱ्यांचे फोटो पुढं कित्येक वर्षांनी मॅनहॅटनच्या जुन्या बाजारात सापडले आणि 'कासा सुझाना' हे नाव जगभर झालं. फोटो बघून लोक हळहळतात. पण त्या घरातल्या गप्पा कशावर चालत, हे समजायला 'ट्रान्सव्हेस्टिया'तलं ते सदरच उघडावं लागतं.

सत्तरच्या दशकात एकाच वेळी दोन-तीन सूर निघाले. रीड एरिक्सन हे गडगंज उद्योजक, स्वतः ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मानं स्त्री ठरवलेले पण पुरुष म्हणून जगणारे, आणि डॉ. हॅरी बेंजामिन यांचे रुग्ण. १९६४मध्ये त्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानाच्या पैशाचा हातभार जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९६६मध्ये निघालेल्या लिंगबदल चिकित्सालयाला लागला. त्या प्रतिष्ठानाचं पत्रक म्हणजे कामाच्या माहितीचा खजिना. ओळखपत्रं कशी बदलायची, कायदा काय म्हणतो, कुठल्या शहरात समजूतदार डॉक्टर आहे. त्यात भावना कमी, पत्ते जास्त. दुसरीकडे १९६९च्या स्टोनवॉल उठावानंतर (त्या बारवरच्या पोलिसांच्या धाडीविरुद्ध समलिंगी आणि ट्रान्स लोक उठले होते) न्यूयॉर्कला ली ब्रूस्टर यांचं 'ड्रॅग' आलं. चकचकीत, फोटोंनी भरलेलं, आणि राजकारणाला न बिचकणारं. तिसरीकडे अँजेला डग्लस यांची संघटना १९७०मध्ये लॉस एंजेलिसला निघाली आणि नंतर मायामीला गेली. तिची 'मूनशॅडो' आणि 'मिराज' ही पत्रकं भडक, घाईत काढलेली, अंगावर येणारी. प्रिन्स यांचा नीटनेटका अंक आणि 'मूनशॅडो' शेजारी ठेवले तर एकाच समुदायाचे म्हणून ओळखू यायचे नाहीत. ते एका समुदायाचे होते का, हाच खरं तर प्रश्न आहे.

आता मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण इथं बहुतेक लेख घाई करतात. आतापर्यंत आलेली जवळजवळ सगळी पानं स्त्रीत्वाकडे जाणाऱ्यांची आहेत. ट्रान्स पुरुष कुठं होते?

टोरंटोच्या रुपर्ट राज यांचं नाव मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं. वडील भारतीय, आई पोलिश, जन्म १९५२चा ओटावामधला. १९७८मध्ये त्यांनी कॅनडात संघटना सुरू केली आणि 'जेंडर रिव्ह्यू' काढलं. मग १९८२ ते १९८८ 'मेटामॉर्फोसिस', खास ट्रान्स पुरुषांसाठी. संप्रेरकं, शस्त्रक्रियेचे परिणाम, दाढी कधी येते, बायकोला आणि आईवडिलांना कसं सांगायचं. त्या काळी दुसरीकडे कुठंही न छापलेली माहिती त्यात आहे. मजकूर जमवणं, टंकलेखन, पत्रांना उत्तरं, टपाल, हा बहुतेक भार राज यांच्या एकट्याच्या खांद्यावर. अशा विनावेतन कामानं माणूस कसा विझत जातो यावर त्यांनी ऐंशीच्या दशकातच लिहिलं. ते लेखन मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून वाचायला देते. अशा पत्रकांचे अंक अचानक का थांबतात याचं कारण दहापैकी आठ वेळा तेच असतं. बंदी, धाड, खटला हे क्वचित. एरवी संपादक दमलेला असतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे लू सलिव्हन यांची गोष्ट वेगळी. लिंगबदल चिकित्सालयांनी त्यांना नकार दिला, कारण ते पुरुष म्हणून पुरुषांवर प्रेम करणार होते आणि डॉक्टरांच्या तक्त्यात असा रकानाच नव्हता. १९७९ आणि १९८०मध्ये ते तिथल्या एका गटाचं 'गेटवे' हे पत्रक संपादित करत. गटाचं नाव होतं 'गोल्डन गेट गर्ल्स', त्यांच्या आग्रहानं पुढं 'गाइज' जोडलं गेलं. त्यांच्या हाती असतानाच्या अंकांत ट्रान्स पुरुषांचा मजकूर वाढलेला दिसतो. १९८६मध्ये त्यांनी ट्रान्स पुरुषांचा गट सुरू केला, सप्टेंबर १९८७मध्ये 'एफटीएम' ('फीमेल टू मेल', स्त्रीपासून पुरुषाकडे) हे तिमाही पत्रक. तोवर त्यांना एड्सचं निदान झालेलं होतं. २ मार्च १९९१ला, चाळिशी गाठायच्या आत, ते गेले.

ते अंक मी पुन्हा पुन्हा चाळले आहेत. पानं मोजकीच. पुढच्या बैठकीची तारीख, मागच्या बैठकीत काय झालं, एखाद्या डॉक्टरांच्या भाषणाचा गोषवारा, इतिहासात पुरुष म्हणून जगलेल्या कोणाची तरी ओळख, मग पत्रं. दूरच्या गावातून कोणीतरी लिहितं की आपल्यासारखा दुसरा माणूस अजून पाहिलेला नाही. सलिव्हन यांच्यानंतर जेमिसन ग्रीन यांनी सूत्रं घेतली, गट आणि पत्रक आंतरराष्ट्रीय झालं, १९९५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ट्रान्स पुरुषांची मोठी परिषद भरली. बैठकीला पंधरावीस माणसं यायची तेव्हापासून ठेवलेली यादी त्यामागं होती. ब्रिटनमध्ये याच सुमारास स्टीफन व्हिटल यांच्या गटाचं 'बॉइज ओन' निघत होतं.

नव्वदच्या दशकाबद्दल भराभर सांगते, कारण त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. बॉस्टनच्या एका क्लबाच्या पत्रकातून वाढलेलं 'टॅपेस्ट्री' तेव्हा सगळ्यात जाडजूड होतं, मागं मदतगटांची आणि छोट्या जाहिरातींची पानंच्या पानं. अटलांटाहून डॅलस डेनी यांचं 'क्रिसलिस' वैद्यकीय माहिती चिकित्सकपणे तपासायचं. 'ट्रान्ससिस्टर्स' स्त्रीवादी वाद घालायचं. आणि टोरंटोहून १९९३ ते १९९५ या काळात मिर्हा-सोलेई रॉस आणि झँथ्रा फिलिपा मॅके यांनी 'जेंडरट्रॅश'चे चार अंक काढले: कात्री-डिंक-झेरॉक्स, देहविक्रय करणाऱ्या आणि तुरुंगातल्या ट्रान्स लोकांना जागा, आणि प्रतिष्ठितपणाची उघड टिंगल. साठच्या दशकात उंबऱ्याबाहेर ठेवलेल्यांनी तीस वर्षांनी स्वतःचं घर बांधलं, असं मी या चार अंकांकडे पाहते. आपल्याकडच्या अनियतकालिकांवर वाढलेल्या वाचकाला त्यातला कडवट विनोद चटकन भिडेल.

भारतात मानबी बंद्योपाध्याय यांनी १९९५मध्ये बंगालीत 'अबमानब' काढलं. पारलिंगी समुदायाचं देशातलं पहिलं मासिक म्हणून त्याचा उल्लेख होतो. नावाचा अर्थ 'माणसाहून खालचा'. शिवी उचलून शीर्षक करणं. पुढं २०१५मध्ये त्या कृष्णनगरच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या तेव्हा बातम्यांत या मासिकाचा एका ओळीत उल्लेख यायचा आणि बातमी पुढं सरकायची. तमिळमध्ये कल्की सुब्रमण्यम यांनी 'सहोदरी' हे मासिक विद्यार्थिदशेत काढलं, त्याच नावाची त्यांची संस्था पुढं झाली.

इथं एक भाषेची गोष्ट, कारण अनुवाद करताना तुम्ही अडकणार आहात. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही आणि 'से' म्हणजे तोही आणि तीही. तमिळमध्ये बोलणारा स्वतःबद्दल बोलताना लिंग उघड होत नाही. मराठीत मात्र 'मी गेलो' की 'मी गेले' हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. इंग्रजी पत्रलेखक दोन पानं 'आय' म्हणत निसटून जातो, त्याचं मराठी करताना तुम्ही त्याला दुसऱ्याच शब्दावर पकडता. मी अशा पत्रांचा गोषवारा लिहिताना सहीकडे बघते. सही ज्या नावानं आहे त्या नावाचं लिंग. पाकिटावर दुसरं नाव असलं तरी.

मग इंटरनेट आलं. पत्रमैत्री, पत्ते, डॉक्टरांची नावं, म्हणजे ज्यासाठी माणूस वर्गणी भरायचा तेच, फुकट आणि त्याच रात्री मिळू लागलं. २००० नंतर एकेक पत्रक थांबलं. छापील मासिक संपलं मात्र नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं 'ओरिजिनल प्लंबिंग' २००९ ते २०१९ या काळात वीस अंक चाललं, ट्रान्स पुरुषांचे सुंदर फोटो घेऊन. आता अंक लपवायला नव्हता, दिवाणखान्यात मांडायला होता.

आता जुने अंक वाचायचे कसे ते.

पहिली अडचण तारखेची येते. बऱ्याच पत्रकांवर 'वसंत अंक' एवढंच असतं, साल नाही. मजकुरात शोधण्याआधी कागदाकडे बघा. सायक्लोस्टाइलमध्ये मेणकागदावर रिबीन न लावता टंकलेखन होतं. ठोका जोरात बसला तर 'ओ' अक्षराचं पोट गळून पडतं आणि छपाईत तिथं काळा ठिपका येतो. तसे ठिपके दिसले की त्या घरगुती छपाईवर बोट ठेवता येतं. ठिपक्यांच्या प्रिंटरची अक्षरं आणि घरच्या संगणकावर जुळवलेले रकाने असतील तर ऐंशीचं दशक किंवा पुढचं. अमेरिकी पत्त्यात पाच आकडी झिप कोड नसेल तर अंक बहुधा १९६३पूर्वीचा किंवा त्याच्या जरासाच नंतरचा, कारण ते कोड त्या वर्षी जुलैत आले. पाकीट सापडलं तर सोन्याहून पिवळं. पहिल्या वर्गाच्या टपालाला २५ सेंट हा दर १९८८ला आला, २९ सेंट फेब्रुवारी १९९१मध्ये आणि ३२ सेंट जानेवारी १९९५मध्ये. '२९ सेंटचं तिकीट, वसंत अंक' म्हटलं की साल चारांपैकी एक. वर कुठल्या परिषदेची घोषणा असेल तर एकच.

दुसरं, अंक मागून वाचा. संपादकीयं स्वतःच्या प्रतिमेसाठी लिहिलेली असतात. मागच्या पानांवरच्या छोट्या जाहिराती, पुस्तकविक्रीची यादी, मोठ्या मापाचे बूट कुठं मिळतील, बैठकीचा जमाखर्च यांत खोटं बोलायचं कारण कमी असतं. एका पत्रकाच्या सहा अंकांचे जमाखर्च मी ओळीनं लावले तेव्हा टपालखर्च छपाईखर्चाच्या वर गेलेला दिसला आणि सातवा अंक का नाही ते कळलं. संपादकीयात 'थोडी विश्रांती' असं लिहिलं होतं.

तिसरं, जे कापलेलं आहे तेही नोंदवा. काही पत्रकं पाकिटाशिवाय यायची, घडी घालून मागच्या पानावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली. आमच्याकडे देणगीत आलेल्या एका खोक्यात असे तीसेक अंक होते आणि प्रत्येकाच्या मागच्या पानावर कात्रीनं नीट कापलेली चौकोनी खिडकी. मालकानं अंक जपले, स्वतःचं नाव काढून टाकलं. त्या खिडकीबरोबर आतल्या पानावरच्या वाचकांच्या पत्रांच्या चारपाच ओळीही गेल्या. सूचीत मी 'खराब प्रत' लिहिलं नाही, खिडकीचं माप लिहिलं.

चौथं, नावं. माझ्याकडून सुरुवातीच्या वर्षांत एक चूक झाली. एका अंकात पत्रलेखकाचं पूर्ण नाव आणि गाव छापलेलं होतं. छापलेलंच आहे, मग उघडच झालं, असं म्हणून मी ते सूचीत जसंच्या तसं उतरवलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं विचारलं, 'हे छापलं तेव्हा किती जणांनी वाचलं असेल, आणि तू टाकल्यावर किती जण वाचतील?' मी ती नोंद काढली. शेदोनशे वर्गणीदारांसाठी छापलेलं नाव म्हणजे जगासाठी छापलेलं नाव असं धरू नका. संपादक, संस्थापक, सार्वजनिक वक्ते यांची नावं द्या. पत्रलेखक आणि जाहिरात देणारे यांना आद्याक्षरं पुरेत. आणि जुनं, सोडून दिलेलं नाव कुठं सापडलं तर तुमच्या वहीतच राहू द्या.

अंक बघायचे कुठं? घरबसल्या सुरुवात करायची तर २०१६मध्ये सुरू झालेलं डिजिटल ट्रान्सजेंडर अर्काइव्ह. ते वेगवेगळ्या संग्रहांतलं साहित्य एकत्र शोधू देतं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचा ट्रान्सजेंडर संग्रह फार मोठा आहे, 'ट्रान्सव्हेस्टिया'चे अंक त्यांनी डिजिटल केले आहेत. सलिव्हन यांचे कागद सॅन फ्रान्सिस्कोच्या जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटीत, जिच्या संस्थापकांत ते स्वतः होते. राज यांचे टोरंटोच्या 'द आर्काइव्ह्ज' (The ArQuives) या समलिंगी आणि ट्रान्स समुदायांच्या संग्रहात. डेनी यांनी जमवलेलं ग्रंथालय मिशिगन विद्यापीठाच्या लॅबडी संग्रहात. शोधताना एकच शब्द टाकून थांबू नका. 'ट्रान्सजेंडर' हा शब्द १९९० आधीच्या अंकांत फारसा सापडणार नाही. त्या त्या काळाचे शब्द टाका, आज कानाला खटकले तरी.

पहिले सहा महिने सगळं वाचायला जाऊ नका. एकच पत्रक घ्या, 'एफटीएम' किंवा 'मेटामॉर्फोसिस' घ्या असं मी म्हणेन, आणि त्याचे मिळतील तेवढे अंक क्रमानं वाचा. प्रत्येक अंकासाठी एक कार्ड: पानं किती, छपाई कशी, वर्गणी किती, पत्ता बदलला का, पत्रं कुठून आली. गावांची यादी नकाशावर लावा. तिसऱ्या-चौथ्या अंकाला एखादं नवं गाव उगवतं आणि मग प्रत्येक अंकात दिसत राहतं. तिथं कोणीतरी दुसऱ्याला अंक वाचायला दिलेला असतो.

आणि कधी कोणाच्या माळ्यावरून अंकांचा गठ्ठा तुमच्या हाती आला तर गंजलेल्या पिना काढा, पण पाकिटं फेकू नका. ज्या पाकिटातून अंक निघाला त्याच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात अंकाचा क्रमांक लिहा. पेन्सिलीनं.